शेपटातले पेढे

"आज्जी, तू कॉलेजात नेमकं काय शिकवायचीस?" असं माझी नात विचारते, तेव्हा मी सांगते, "शेपटं मोजायला." नात आईकडं बघते, आई छताकडं बघते. निवृत्तीनंतर म्हातारीचं डोकं जरा इकडंतिकडं झालंय, अशी दोघींची समजूत. तसं काही झालेलं नाही. मी खरोखर तेच शिकवायची. भूमच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्राची बाई होते आणि माझ्या जिवाचा विषय म्हणजे प्रमाण प्रसामान्य वितरण. नाव घेताना जीभ दोनदा अडखळते, पण वस्तू इतकी साधी आणि इतकी भन्नाट आहे, की तिच्याबद्दल बोलायला लागले की आजही माझा चहा गार होतो.

आधी त्या वेळच्या बाईंना भेटून घ्या. तुळजापूरच्या मास्तरांची मुलगी, एम.एस्सी. नुकतीच पदरात पडलेली. सुती साडीला कांजी इतकी, की वर्गात बाईंच्या आधी साडीचा आवाज शिरायचा. काखेत तक्त्यांचं पुस्तक. ते असलं की जगात काहीच अडत नाही, असा चेहरा. आज ती मला रस्त्यात भेटली, तर मी फुटपाथ बदलीन.

पहिल्याच तासाला ह्या बाईंनी फळ्यावर तो सुप्रसिद्ध वक्र काढला. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरत गेलेला. "ह्याला घंटाकृती वक्र म्हणतात," बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, घंटा कसली, हे तर खिलारी बैलाचं वशिंड हाय."

वर्ग हसला. बाईंनी त्या पोराला तासभर बाहेर उभं केलं, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याचंच वशिंड वापरून पगार घेतला.

तर वशिंडच धरून चालू. कुठल्याही गावातल्या बायकांची उंची मोजा. बहुतेकजणी मधल्या उंचीच्या निघतात, फार बुटक्या आणि फार उंच थोड्याच. उंचीप्रमाणं त्यांना उभं केलं, तर मधे गर्दीचं वशिंड तयार होतं आणि दोन्हीकडं बारीक होत जाणारी शेपटं. वशिंडाचा माथा म्हणजे सरासरी. वशिंड किती पसरट, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. आणि एखादी बाई माथ्यापासून किती विचलनं लांब उभी आहे, तो आकडा म्हणजे झेड. आता खरी गंमत. उंची असो, वजन असो, ज्वारीच्या कणसाची लांबी असो, एकदा झेड काढला की सगळ्या वशिंडांना एकच माप लागू होतं! एकच तक्ता! तो तक्ता माथ्यापासून झेडपर्यंत किती लोक मावतात ते सांगतो. वशिंडाच्या एका बाजूला बरोबर निम्मे लोक असतात. म्हणून शेपटात किती उरले हे हवं असेल, तर तक्त्यातला आकडा अर्ध्यातून वजा करायचा. हे 'अर्ध्यातून वजा' लक्षात ठेवा. मी विसरले होते, त्याची कथा पुढं येते.

ही विद्या गावोगाव कशी पसरली कुणास ठाऊक. एकदा जवळच्या ईट गावाहून एक आजोबा आले. नातू ताडमाड उंच, त्याच्या खांद्याला लागेल अशी मुलगी हवी होती. "तुमी म्हनं कागदावर बघून सांगता." मी उत्साहानं झेड काढला, दोन आला. तक्ता बघितला, शेपूट मोजलं. शून्य दशांश शून्य दोन दोन आठ. "आजोबा, शंभरात दोन-सव्वादोन मुली तेवढ्या उंच."

आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंजी शंभर घरं हिंडायची व्हय? पोह्यांनीच मरंल की वो पोरगं."

हा झाला कच्चा माल. आता पेढ्यांकडं येते.

मी भूमला राहायची ती कौसामावशींकडं. त्या घरमालकीण. मागच्या अंगणात त्यांची खव्याची भट्टी. भल्या सकाळी कढईत दूध आटायला लागलं, की माझ्या खोलीतल्या पुस्तकांनासुद्धा खव्याचा वास यायचा. मावशी धरून सहाजणी तिथं पेढे वळायच्या. प्रत्येकीची बसायची जागा ठरलेली, परात आपली, पेट्या आपल्या, आणि पेटी बांधायचा दोरासुद्धा आपल्या रंगाचा. सुंदराबाईचा लाल, रुक्मिणीचा हिरवा. आपल्या हातच्या पेढ्याला दुसरीचा हात लागू द्यायचा नाही, हा तिथला कायदा.

त्या वर्षी नवरात्रासाठी उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, एका मिठाईवाल्या शेटजींनी पाचशे पेट्या मागितल्या. पावकिलोची पेटी, पेटीत बारा पेढे. मावशींनी एवढी मोठी मागणी कधी घेतलीच नव्हती. एका संध्याकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कौसामावशी दारात उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या, सरळ आत येणाऱ्यांतल्या.

"बाई, म्या शब्द देऊन बसले. शेट म्हनला, पन्नास पेट्या तोलून बघनार. पन्नासात दोन हलक्या चालतील. तिसरी निघाली की समदा माल माघारी."

"माघारी आला तर?"

"खवा हाय त्यो, सोनं न्हाय. दोन दिसांत वास मारंल. आन माझा दीर टपूनच बसलाय. म्हनतो, बायकांचा कारखाना पुरं झाला, दूध डेरीला घालू. माल परत आला तर भट्टी बंद. ह्या पाचजणी कुठं जानार मग? पुन्यांदा लोकाच्या रानात खुरपायला?"

"मग प्रत्येक पेटी तोलूनच भरा ना, मावशी."

त्यांनी भट्टीजवळची तागडी आणून माझ्यापुढं धरली. ती तागडी मन मानेल तशी झुकायची. "पाच ग्रॅम हिला कळत न्हाई. शेटकडं सोनाराच्या वरताण काटा हाय. तुमी तेवढं मोजायचं शिकिवता, तर सांगा, हलक्या किती निघतील?"

माझ्या अंगातून वीज गेली. आजवर मी पुस्तकातली काल्पनिक गणितं सोडवत होते. 'एका कारखान्यात एक हजार बल्ब...' वगैरे. मी उभ्या आयुष्यात बल्बचा कारखाना पाहिला नव्हता. आणि इथं खरे पेढे, खरा शेट, खरं शेपूट!

आमच्या प्रयोगशाळेत एक चांगला काटा होता. तो हलवायला परवानगी नव्हती, म्हणून नमुन्याच्या पन्नास पेट्याच तिथं नेल्या. खोक्याचं वजन वगळून एकेक तोलली. सरासरी दोनशे चोपन्न ग्रॅम, प्रमाण विचलन आठ. अडीचशे ग्रॅम हे माथ्यापासून चार ग्रॅम खाली, म्हणजे झेड वजा अर्धा. बाईंनी तक्ता उघडला आणि मान ताठ करून जाहीर केलं, "मावशी, शंभरात एकोणीस पेट्या हलक्या. पन्नासात नऊ-दहा."

पण हलक्या निघालेल्या पेट्या मी तोलताना डावीकडं ठेवत गेले होते. त्या पंधरा होत्या.

आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? गणित तपासेल. बाईंनी काट्याला दोष दिला. शिपायाकडून पारडं दोनदा पुसून घेतलं. खिडकी लावून घेतली, वाऱ्यानं काटा हलतो म्हणून. मग टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली. काट्याशी एवढं भांडण झाल्यावर कुठं डोक्यात उजेड पडला. तक्त्यातला आकडा माथ्यापासूनचा! शेपूट हवं तर अर्ध्यातून वजा! तीस टक्क्यांच्या वर! पन्नासात पंधरा!

"पंधरा! बरोबर पंधरा!" मी टाळ्या पिटत उडी मारली.

मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. "बाई, पंधरा हलक्या निघाल्यावर नाचायचं असतं व्हय?"

खरं होतं. चालत होत्या दोन, निघत होत्या पंधरा. मी कागद घेऊन बसले. ह्याच पसरट वशिंडाला ढकलत नेऊन शेपूट शंभरात दोनांवर आणायचं, तर पेटीमागं बारा ग्रॅम जास्त भरायला हवं होतं. पाचशे पेट्यांना सहा किलो.

"सहा किलो?" मावशी म्हणाल्या. "दूध हाय तेवढंच हाय. म्हशीला तुमचा झेड सांगू काय?"

मी पेट्यांकडं बघत बसले आणि मग मला दोरे दिसले. हलक्या पेट्यांत हिरवे दोरे जास्त, जड पेट्यांत लाल. मी रंगांप्रमाणं पेट्या वेगळ्या केल्या आणि पुन्हा आकडे मांडले. आणि काय सांगू! प्रत्येकीचा हात आपल्यापुरता एकदम पक्का होता. सुंदराबाईचे सगळेच पेढे जड, रुक्मिणीचे सगळेच हलके. पसारा हातात नव्हता, हाताहातांत होता. सहा अरुंद वशिंडं शेजारीशेजारी उभी होती, आणि मी लांबून त्यांना एकच पसरट वशिंड समजत होते. मग एका पेटीत एकीचे बारा पेढे न घालता सहाजणींचे दोन-दोन घातले तर? जडाला हलका सांभाळून घेईल. वशिंड बारीक होईल. एक ग्रॅम खवा न वाढवता!

ही आनंदाची बातमी अंगणात सांगितली आणि भट्टीपेक्षा जास्त धूर निघाला.

"माजे पेढे हिच्या पेढ्यांत?" सुंदराबाईनं विचारलं. "हिचा हात बघा की. नवऱ्याला भाजी वाढावी तसा खवा उचलती."

"आन तुझा?" रुक्मिणी म्हणाली. "पेढा वळतीस का म्हशीला पेंड घालतीस?"

बाईंनी भट्टीच्या भिंतीवर कोळशानं वक्र काढून विचलन समजावायचा प्रयत्न केला. म्हणजे बाई अजून सुधारल्या नव्हत्या. वळणाऱ्यांतल्या एका पोरीनं त्यावर पाणी मारलं, तेव्हा थांबल्या.

कौसामावशींनी हातातला झारा बाजूला ठेवला. "लग्नात जात्यावर हळद दळताना काय करतो गं आपन?" त्यांनी विचारलं. "पाच सवाष्णी एकेक मूठ घालत्यात. तवा कुनी इचारतं का, ही मूठ कुनाची, ती कुनाची? हळद नवरीची असती." मग माझ्याकडं वळल्या. "व्हय ना बाई, तसंच ना?"

तसंच होतं. इतकं तसंच, की पुढं वर्गात मी हाच दाखला देत आले.

सहाजणी एका ओळीत बसल्या. पेटी पहिलीपासून निघायची, प्रत्येकीपुढं दोन पेढे घ्यायची आणि सहावीपाशी बांधली जायची. पंगतीत उलटं असतं, वाढपी हिंडतो. इथं ताटच हिंडत होतं. दोरा सगळ्यांना पांढरा. पुन्हा पन्नास पेट्या प्रयोगशाळेत. सरासरी तीच, दोनशे चोपन्न. आणि विचलन? आठाचं दोन! मी तीनदा मोजलं. झेड वजा दोन. शेपूट शून्य दशांश शून्य दोन दोन आठ. म्हणजे पन्नासात एखादी.

"मंजी झालं?" मावशींनी विचारलं.

"झालंच की. फक्त योगायोगानं शेटजींच्या हाताला तीन लागायची शक्यता दहात एक उरते. दहा नवरात्रांत एकदा."

"आन ती एकदा आवंदाच असली तर?"

ह्या प्रश्नाला माझ्या पुस्तकात उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण उत्तर नसलं की मला गप्प बसवत नाही. पेटीत एक ग्रॅम वाढवून बघितला. पसरट वशिंडाच्या वेळी एका ग्रॅमनं काही झालं नसतं, शंभरात एकतीसाच्या सत्तावीस हलक्या झाल्या असत्या. आता? झेड वजा अडीच, आणि शेपूट हजारात सहा! एका ग्रॅमला एवढी ताकद! मी ओरडले, "मावशी, फक्त एक ग्रॅम! पेटीत एक ग्रॅम कुठून तरी आणा!"

मावशी घरात गेल्या आणि फडताळातून चारोळ्यांची पुडी घेऊन आल्या. "दोन-दोन दानं दाबू का पेढ्यावर? दिसंल बी चांगलं." मी चोवीस चारोळ्या तोलल्या. ग्रॅमच्या थोड्या वरच भरल्या.

पाचशे पेट्या एसटीच्या टपावर चढल्या, आणि मावशी आणि मी खाली खिडकीशी बसलो. मी विजयी वीरासारखी बाहेर बघत होते. मावशी सहज म्हणाल्या, "सकाळच्याला पेढे कसं लुसलुशीत हुतं. आता जरा आवळलं असतील."

"आवळले म्हणजे?"

"वाळत्यात की. खवा हाय न्हवं. पानी उडतंय."

मी नमुन्याच्या सगळ्या पेट्या ताज्या ताज्या तोलल्या होत्या. पेढा वाळतो, वाळला की हलका होतो, हे आयुष्यभर पेढे खाल्लेल्या बाईंना कधी सुचलं नव्हतं! एक ग्रॅम उडाला असेल, तर चारोळ्या फुकट आणि झेड पुन्हा दोन. दोन ग्रॅम उडाले असतील तर दीड. मी तिकिटाच्या मागं आकडे घातले आणि घाईत पुन्हा तेच विसरले. आठवलं तशी मोठ्यांदा ओरडले, "अर्ध्याचं राहिलं!"

कंडक्टर मागं वळला. "कुनाचं अर्धं राहिलं? पोरगं कुठं बसवलंय? काढा तिकीट."

अख्खी गाडी सीटखाली पोरगं शोधायला लागली. त्या गोंधळात मी उत्तर काढलं. दोन ग्रॅम उडाले असतील, तर पन्नासात तीनाच्या वर. म्हणजे भट्टी बंद. मावशींनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हणाले, "चांगलं निघालं." शिक्षकी पेशात एवढं चालतं.

दुकानात शेटजींनी हव्या तिथल्या पन्नास पेट्या काढल्या आणि एकेक खोक्यातून सोडवून काट्यावर ठेवायला लागले. मी उभी राहून बघत होते, मावशी पायरीवर पाठ करून बसल्या होत्या. सुरुवातीच्या दहा-बारा व्यवस्थित भरल्या. मग एक हलकी. शेटजींनी ती बाजूला ठेवली. मग बऱ्याच बऱ्या गेल्या. अर्ध्याच्या पुढं दुसरी हलकी.

"बाई," मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आता तिसरी किती लांब हाय?"

"मावशी, पेटीला पेटीची आठवण नसते. पुढची पेटी आधीच्या दोघींना ओळखत नाही."

"बरं हाय. न्हाईतर ह्यांच्यात बी सुंदरा आन रुक्मीन झाली असती."

मी हसले, पण नजर काट्यावरच होती. पुढची प्रत्येक पेटी काट्यावर बसताना माझा गुडघा आपोआप वाकायचा, जणू मी खाली दाबलं की वजन वाढेल. चाळीस गेल्या. पंचेचाळीस. दोनशे एकावन्नला टेकेपर्यंत एक पेटी इतका वेळ थरथरली, की शेटजींनीच श्वास धरला. मग शेवटची. काटा सरसर वर गेला. दोनशे अठ्ठावन्न!

"वरचं शेपूट!" मी किंचाळले. "मावशी, वरचं शेपूट आलं!"

शेटजींनी पेटीत वाकून बघितलं. "पेढ्याला शेपूट?"

मावशी उठल्या, पदर खोचला, आणि माझ्याकडं बघून नुसत्या "व्हय?" म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांचे डोळे भरले, पण शेटसमोर रडायच्या त्या नव्हत्याच.

शेटजींनी एक पेढा तोंडात टाकला. "ह्या पेढ्यांना हात कुणाचा? पुढच्या वेळी त्याच बाईकडून वळून घ्या."

"एका पेटीत सहाजणींचा हात हाय, शेट," मावशी म्हणाल्या. "एकीचं नाव इचारू नगा. मी सांगनार न्हाई."

हलक्या दोन पेट्या शेटजींनी परत दिल्या. भूमच्या स्टँडवर पाचजणी उभ्या होत्या, आणि जरा लांब मावशींचा दीरही. माल परत आलेला बघायच्या आशेनं आलेल्या त्या दिरानं मावशींच्या हातात दोन पेट्या बघितल्या आणि त्याचा चेहरा खुलला. "आला का माल माघारी?"

"आला की," मावशी म्हणाल्या. "पाचशेतनं दोन. घ्या, तुमी बी तोंड गोड करा."

भट्टी चालली. मावशी गेल्यावर त्यांच्या सुनेनं चालवली. आता तिथं विजेवरचा काटा आहे, पेटी हलकी असली की तो लाल दिवा लावतो. पण पेटी अजून ओळीतूनच फिरते, आणि चारोळ्या दोनच असतात.

परवा नातीनं मला तिच्या लॅपटॉपवर झेड दोन टाकून दाखवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. अर्ध्यातून वजा नाही, काही नाही. "बघ आज्जी, शून्य दशांश शून्य दोन दोन आठ. तू असलं काही कधी बघितलंस का?"

बघितलं? अगं, भूमच्या स्टँडवर उभं राहून सहा बायकांबरोबर आणि एका हिरमुसल्या दिराबरोबर मी ते खाल्लंय. जरासं वाळलेलं होतं. पण चारोळी अगदी दाताखाली आली.